गाई-म्हशींवरची गोचिडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनावरं पाळणारी माणसं गोचिडांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. पहिल्यापासून वाचलंच पाहिजे असं नाही. जनावर आत्ता तापानं फणफणलं असेल किंवा लघवी लाल होत असेल, तर थेट प्रश्न ६ वाचा. बाकीचं नंतर वाचता येईल.

१. गोचीड म्हणजे कीटकच ना? ते अंगाला एवढं घट्ट कसं चिकटतं?

आपण किडा म्हणतो, पण तो कीटक नव्हे. कोळी आणि विंचू ज्या घराण्यातले, त्यातलंच गोचीड. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला ८ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र ६. पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून ते वाट बघत बसतं. जनावराचा श्वास, अंगाची ऊब किंवा पावलांचा हादरा जाणवला की जवळून जाणाऱ्या अंगाला धरतं.

चिकटण्याची ताकद तोंडात आहे. कातडीत घुसणाऱ्या भागावर मासे धरायच्या गळासारखे उलटे दाते असतात, आणि बऱ्याच जाती त्याभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडतात. लाळेत रक्त गोठू न देणारे आणि दंश जाणवू न देणारे घटक असतात, त्यामुळे सुरुवातीला जनावराला पत्ताही लागत नाही.

रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये तर गोचीड आणि एरंड या दोन्हींना एकच शब्द आहे, रिसिनस. नर शेवटपर्यंत बारीकच राहतो, म्हणून तो सहसा नजरेत भरत नाही.

२. एवढी गोचिडं येतात कुठून? परवापर्यंत तर अंग स्वच्छ होतं.

अंग स्वच्छ होतं, जमीन नव्हती. हा एक मुद्दा लक्षात आला की पुढचं सगळं सोपं होतं.

गुरांवर सर्रास आढळणारं रिपिसेफॅलस मायक्रोप्लस हे गोचीड घ्या. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव बूफिलस असं मिळेल. त्याचं पिल्लू जनावरावर चढतं, तिथंच दोनदा कात टाकतं, तिथंच नर-मादी जमतात आणि तिथंच मादी पोटभर रक्त पिते. हे सगळं साधारण २१ दिवसांत उरकतं. मग मादी गळून पडते, एखाद्या फटीत, शेणाखाली किंवा गवताच्या मुळाशी जाते आणि २,००० ते ३,००० अंडी घालून मरते. उबदार, दमट हवेत ती अंडी तीन-चार आठवड्यांत फुटतात, थंडीत जास्त वेळ घेतात. बाहेर पडलेली पिल्लं अन्नाशिवाय काही महिनेसुद्धा तग धरू शकतात.

दुसरा प्रकार हायलोमाचा. ही गोचिडं आकारानं मोठी, पायांवर फिकट पट्टे असलेली आणि चपळ असतात. ती आयुष्यात एकाहून जास्त जनावरांवर चढतात. एकावर पोट भरलं की खाली उतरायचं, भिंतीच्या भेगेत कात टाकायची, मग दुसरं जनावर गाठायचं. गोठ्यात खरा तळ ठोकतात ती हीच.

कोणत्याही दिवशी बघा, अंगावरच्या गोचिडांपेक्षा जमिनीत, भिंतीत आणि गवतात लपलेली अंडी-पिल्लं कितीतरी पट जास्त असतात.

३. अंगावर नेमकं कुठं बघायचं? किती दिसली म्हणजे जास्त समजायची?

पाठीवर हात फिरवून समाधान मानू नका. कान उलटा करून आतल्या घडीत बघा, विजेरी लागली तर घ्या. मग गळ्याची पोळी, पुढच्या पायांमागची बगल, जांघ, कासेचा मागचा भाग, सडांमधली जागा आणि शेपटी उचलून तिच्या मुळाखाली बघा. कातडी पातळ, ऊब जास्त आणि जिभेचा पट्टा पोचणार नाही, अशी जागा गोचीड निवडतं. बारीक पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत, पण तळहात केसांच्या उलट दिशेनं सावकाश फिरवला तर रव्यासारखं खरखरीत लागतं.

मोजायची सोपी रीत अशी: जनावराच्या एकाच बाजूच्या, साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या झालेल्या माद्या मोजा आणि आकडा दुप्पट करा. या आकाराची मादी साधारण दिवसभरात गळणार असते, म्हणजे हा आकडा रोज जमिनीत पडणाऱ्या बियाण्याचा आहे. एका गाईवर अशा २० माद्या निघाल्या, तर त्या एका दिवसाच्या माद्यांमागे किमान ४०,००० अंडी धरा. म्हणून 'पाच-दहाच तर आहेत' हे मला कधीच पटत नाही. मोजणी सकाळी करावी, कारण फुगलेल्या माद्या बहुतेक सकाळच्या वेळी गळतात.

४. एवढासा जीव पिऊन पिऊन किती रक्त पिणार? जनावराला खरंच फरक पडतो का?

पडतो. मायक्रोप्लसची एक मादी पूर्ण भरेपर्यंत अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पिते. अशा शंभर माद्या रोज गळत असतील, तर रोज किमान ५० मिलिलिटर रक्त गेलं. मोठी गाय काही दिवस ते सोसेल, वासरू नाही सोसणार. त्याच्या पापणीची आतली बाजू गुलाबीची पांढरट झालेली दिसली, तर रक्त कमी झालंय.

रक्तापेक्षा मोठं नुकसान पुष्कळदा अस्वस्थतेचं असतं. जनावर सारखं अंग घासतं, पाय आपटतं, शेपटी झाडतं. चरणं आणि रवंथ दोन्ही तुटक होतात. चारा कमी जातो, दूध उतरतं, कालवडी वेळेवर माजावर येत नाहीत, वासरांची वाढ खुंटते. दंशाच्या जागी जखमा होऊन त्यात माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. सडांवर जखमा झाल्या तर धार काढू देत नाही, आणि पुढे कासदाहाची वाट मोकळी होते. कातड्याला भोकं पडून त्याचा दर्जाही घसरतो.

आणि हे सगळं आजार न होता. आजारांचा हिशेब वेगळा आहे.

५. गोचीड ताप म्हणतात तो नेमका कोणता आजार?

एका नावाखाली तीन वेगळे आजार येतात. तिन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून फरक माहीत हवा.

थायलेरिओसिस हायलोमा गोचिडांमुळे होतो. जोराचा ताप आणि खांद्यापुढची लसिका गाठ सुजणं ही त्याची ठळक खूण. दोन्ही बाजूंना हात लावून बघा, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ हाताला लागते. नाका-डोळ्यांतून पाणी, धाप, खोकला, नंतर रक्तक्षय. संकरित जनावरं आणि त्यांची वासरं यात पटकन दगावतात.

बबेसिओसिसमध्ये परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि त्यातला रंग लघवीतून बाहेर येतो. लघवी लाल, कॉफीसारखी किंवा काळपट दिसते. हा परजीवी मादी गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे आजपर्यंत एकदाही रक्त न प्यालेलं पिल्लूसुद्धा जन्मतःच आजार घेऊन आलेलं असू शकतं. थायलेरियाचं तसं नाही. तो अंड्यांतून उतरत नाही, गोचिडाच्या एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो.

ॲनाप्लाझ्मोसिसमध्येही ताप आणि रक्तक्षय असतो, पण लघवी लाल होत नाही. डोळे-हिरड्या पांढऱ्या आणि मग पिवळ्या पडतात, शेण घट्ट होतं, जनावर झपाट्यानं खंगतं. हा आजार चावणाऱ्या माश्यांमुळे आणि एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यामुळेही पसरतो. सुई प्रत्येक जनावराला वेगळी, यात सवलत नाही.

गोचीड रोग पसरवतं हे सिद्ध झाल्याला शतकाहून जास्त काळ लोटला. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून गुरांचा 'टेक्सास ताप' गोचिडांमुळे पसरतो हे दाखवलं. तो ताप म्हणजे बबेसिओसिसच. सहापायी-आठपायी जीव सूक्ष्म परजीवीमुळे होणारा आजार पसरवतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो.

६. ताप खूप आहे, लघवी लाल होतेय. आत्ता काय करू?

पशुवैद्यकांना लगेच बोलवा, उद्यावर टाकू नका. ते येईपर्यंत जनावर सावलीत बांधा, जवळ स्वच्छ पाणी ठेवा, चालवू किंवा पळवू नका. रक्त कमी झालेलं जनावर थोड्या श्रमानंही कोसळतं. गुदद्वारात तापमापी लावून आकडा लिहून ठेवा. मोठ्या जनावराचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४च्या पुढे गेलं तर नक्की ताप आहे.

औषध देण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. कानाच्या टोकाच्या रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतो. थायलेरियासाठी सुजलेल्या गाठीतला नमुनाही घेतात. थायलेरियावर ब्युपार्वाक्वोन, बबेसियावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरतात. नावं दिली ती डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून. मात्रा जनावराच्या वजनावर आणि अवस्थेवर ठरते, स्वतः टोचू नका.

एक फसवी परिस्थिती सांगतो. भरपूर दूध देणारी गाय किंवा म्हैस व्यायल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाल लघवी करू लागली आणि ताप मात्र नाही, तर कारण फॉस्फरसची कमतरता असू शकते. तिथं गोचीड तापाचं औषध देऊन दिवस घालवले तर जनावर हातचं जाईल. म्हणून तापमापीचा आकडा फार मोलाचा.

७. औषध फवारलं की चार दिवसांनी पुन्हा तेवढीच गोचिडं. औषधच बनावट आहे का?

शक्यता तीन आहेत. आधी सोपी तपासा.

पहिली, ही नवीन पिल्लं आहेत. फवारणीनं अंगावरची मेली, पण गवतातली आणि भिंतीतली चढतच राहतात. अंगावर आता दिसतंय ते आकारानं बारीक असेल तर बहुधा हेच कारण. एका फवारणीनं गोचिडं कधीच संपत नाहीत. लेबलवर सांगितलेल्या अंतरानं, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा फवारावं लागतं. मायक्रोप्लसचा २१ दिवसांचा हिशेब (प्रश्न २) इथंच कामाला येतो: चढलेली पिल्लं मादी होऊन गळण्याआधी पुढची फवारणी गाठायची.

दुसरी, औषध पोचलंच नाही. पाठीवर शिंपडून कान, जांघ आणि शेपटीचं मूळ कोरडं ठेवलं तर गोचिडं जिथं होती तिथंच राहतात. पद्धत प्रश्न ८ मध्ये आहे.

तिसरी, आणि मला सर्वात जास्त काळजी वाटते ती हिची. गोचिडं त्या औषधाला सरावली असतील. फवारणी नीट होऊनही दोन-तीन दिवसांनी मोठ्या, फुगलेल्या, पाय हलवणाऱ्या माद्या दिसत असतील तर ही शंका घ्या. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन ही तिन्ही नावं वेगळी असली तरी घराणं एकच, पायरेथ्रॉइड. एकाला सरावलेलं गोचीड दुसऱ्यालाही दाद देत नाही असं पुष्कळदा होतं. म्हणून बाटली बदलताना घराणं बदललं का ते बघा. अमिट्राझ वेगळ्या घराण्यातलं आहे. ही ताकद गोचिडांना आपणच देतो, पातळ मात्रा वापरून. जी निम्मी मरतात ती कमजोर, जी उरतात ती पुढची पिढी वाढवतात. मात्रा वाढवून मारायचा प्रयत्नही करू नका, त्यानं विषबाधा होते. प्रयोगशाळेत गोचिडं देऊन कोणतं औषध चालतं ते तपासता येतं. डॉक्टरांना तशी विनंती करा.

८. फवारणीची बरोबर पद्धत कोणती?

आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते ओलं अंग चाटणार नाही. चाटायची खोड असेल तर अंग सुकेपर्यंत मुसकं बांधा. वेळ सकाळची किंवा सायंकाळची, कडक उन्हात नको, पावसात तर नकोच. अंगावर उघड्या जखमा असतील तर आधी त्यांचे उपचार.

औषध लेबलवर आहे त्याच प्रमाणात, मापानं मिसळा. झाकणानं अंदाज नको. मोठ्या जनावराला ३ ते ५ लिटर द्रावण लागतं. एका बादलीत पूर्ण कळप आटोपणाऱ्यांची गोचिडं जात नाहीत, यात नवल काहीच नाही. फवारा केसांच्या उलट दिशेनं, कातडीपर्यंत भिजेल असा. डोळे आणि तोंड सांभाळून कानाच्या आत फडक्यानं लावा. सगळी जनावरं एकाच दिवशी करा. दोन उरली तर ती दोन पुन्हा सगळ्यांना देतील.

स्वतः हातमोजे आणि मास्क वापरा, वारा जिकडून येतो तिकडे पाठ ठेवा. धार काढून झाल्यावर फवारा, पुढच्या धारेआधी कास स्वच्छ धुवा. दूध किती वेळ वापरू नये ते प्रत्येक औषधाच्या लेबलवर असतं. उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, माशांना पायरेथ्रॉइड फार घातक असतात.

९. इंजेक्शन दिलं तर फवारणीची कटकट वाचेल ना?

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात आणि मायक्रोप्लसवर त्याचा परिणाम चांगला होतो. जनावरं बदलणाऱ्या गोचिडांवर तो कमी पडतो, कारण ती अंगावर थोडेच दिवस असतात. पण ते दुधात उतरतं आणि बरेच दिवस उतरत राहतं. ज्या गाईचं दूध माणसं पिणार, तिला ते देऊ नये. शेणातूनही ते बाहेर पडतं आणि शेण कुजवून जमिनीत नेणाऱ्या भुंग्यांना मारतं, म्हणून गरज नसताना सगळ्या कळपाला टोचणं मला मान्य नाही.

फ्लुॲझुरॉन हे पाठीवर ओतायचं औषध वेगळ्या तऱ्हेनं काम करतं. ते मोठी गोचिडं मारत नाही, पिल्लांना कात टाकू देत नाही. परिणाम सावकाश दिसतो. दुभत्या जनावरांसाठी तेही नाही.

१०. गोठ्यात काय करायचं?

भेगा बुजवा. गव्हाणीच्या कडा, खांबांचे सांधे, दगडांच्या फटी, दारामागचा कोपरा, इथं चाकूचं टोक घालून बघा. कात टाकलेल्या गोचिडांची रिकामी टरफलं आणि तपकिरी चकचकीत अंड्यांचे पुंजके बाहेर येतील. भिंत विटा-दगडांची असेल आणि जवळ चारा-पेंढा नसेल तर ज्योतीनं भेगा भाजून घेता येतात. नंतर गिलावा करा, चुना द्या. गोठ्यात गोचीडनाशक फवारताना जनावरं बाहेर काढा, गव्हाण आणि पाण्याची टाकी झाका. शेण-कचरा रोज उचला.

कुरणाचं म्हणाल तर तुकडे पाडून आलटून पालटून चारणं उपयोगी आहे, पण पिल्लं महिनोन्‌महिने जगत असल्यामुळे आठ-पंधरा दिवस मोकळं ठेवून काही साधत नाही.

११. हातानं उपटून काढली तर?

थोडीच असतील तर काढा, पण चिमट्यानं. कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ, एकसारखं ओढा. बोटांत चिरडू नका (कारण प्रश्न १७). काढलेलं गोचीड जमिनीवर टाकणं म्हणजे पेरणी: फुगलेली मादी तिथंच अंडी घालते. गोचीडनाशकाच्या द्रावणात किंवा स्पिरिटमध्ये बुडवा. साध्या पाण्यात ती लवकर मरत नाहीत.

१२. कडुनिंब, तंबाखूचा काढा, जळकं ऑइल, शेतात फवारायचं औषध. यातलं काय चालतं?

कडुनिंबाच्या तेलानं गोचिडं काही प्रमाणात दूर राहतात. प्रादुर्भाव हलका असेल तर जोड म्हणून लावा. जोराच्या प्रादुर्भावात त्यावर विसंबू नका.

तंबाखूच्या काढ्यातलं निकोटीन कातडीतून आत जातं, वासराला ते झेपत नाही. जळकं ऑइल आणि रॉकेल कातडी भाजतात. पिकावरचं कीटकनाशक तर अजिबात नको. त्यातल्या काही विषांनी जनावर लाळ गाळतं, थरथरतं, धापा टाकतं आणि तासाभरात आडवं होतं. असं कुणी केलंच असेल तर अंग भरपूर साबण-पाण्यानं धुवा आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे धावा. बाटलीवरचं नाव बघूनच उतारा ठरतो.

१३. वशिंडवाल्या गाईंना गोचिडं लागत नाहीत हे खरं का?

लागतात, पण कमी टिकतात. झेबू वंशाच्या गाईंची कातडी दंशाला जोरात प्रतिसाद देते, केस आखूड असतात आणि त्या अंग जास्त चाटतात, त्यामुळे चढलेल्या पिल्लांपैकी थोडीच मादी होऊन गळेपर्यंत पोचतात. होल्स्टिन, जर्सी आणि त्यांच्या संकरित जनावरांवर यापेक्षा कितीतरी जास्त पोचतात. एकाच कळपातही काही गाईंवर कायम जास्त गोचिडं असतात. मोजणीची वही ठेवली तर त्या ओळखू येतात, आणि पैदाशीसाठी कालवडी निवडताना ही नोंद उपयोगी पडते.

१४. मग एकही गोचीड राहू न देणं हेच उत्तम ना?

इथं थोडं थांबावं लागतं. बबेसियाच्या बाबतीत वासरांना काही महिन्यांपर्यंत उपजत संरक्षण असतं. त्या वयात थोडी गोचिडं चावली तर संसर्ग होतो, आजार सहसा जाणवत नाही आणि पुढे प्रतिकारशक्ती राहते. पूर्ण गोचीडमुक्त वाढलेली गाय मोठेपणी पहिल्यांदा संसर्गाला सामोरी गेली तर मरू शकते. म्हणूनच स्वच्छ भागातून आणलेलं धष्टपुष्ट जनावर महिन्याभरात लाल लघवी करून दगावतं आणि शेजारची जुनी गाय मजेत चरत असते.

याचा अर्थ गोचिडं पाळा असा नव्हे. थायलेरियाला संकरित वासरं सोसत नाहीत, तिथं हा हिशेब लागू नाही. आजूबाजूला गोचिडं असलेल्या भागात संख्या कायम कमी ठेवणं हे गाठता येण्यासारखं ध्येय आहे. संपूर्ण निर्मूलन प्रदेशाच्या पातळीवर झालं तरच टिकतं. अमेरिकेनं ते १९०६ ते १९४३ एवढा काळ सातत्यानं औषधी हौदांतून गुरं काढून साधलं, आणि सीमेवरच्या पट्ट्यात पहारा पुढेही ठेवावा लागला.

१५. गोचिडं साफ केल्यावर जनावर आजारी पडलं. फवारणी बाधली का?

विषबाधा काही तासांत दिसते. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला असेल तर संसर्ग बहुधा फवारणीआधीच झाला होता. बबेसिया आणि थायलेरिया चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी उठतात, ॲनाप्लाझ्माला त्याहून जास्त वेळ लागतो. बरं झालेलं जनावरही परजीवी अंगात बाळगून राहतं आणि वितीच्या, प्रवासाच्या किंवा दुसऱ्या आजाराच्या ताणात पुन्हा तापतं. विकत आणलेलं जनावर म्हणून तीन आठवडे वेगळं बांधा, आल्याबरोबर गोचीडनाशक द्या आणि रोज ताप बघा.

१६. गाभण गाय, लहान वासरू, गोठ्यातला घोडा किंवा कुत्रा, सगळ्यांना एकच औषध चालेल का? आणि लस नाही का?

घोड्याला अमिट्राझ नको, आतडी ठप्प होतात. कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन जिवावर बेततं. लहान वासरांना आणि गाभण जनावरांना काय चालेल ते लेबल आणि डॉक्टर यांवरूनच ठरवा. मात्र गाभण आहे म्हणून गोचिडं तशीच ठेवू नका. गोचीड तापात गर्भपात होतो.

थायलेरियावर, म्हणजे ॲन्युलेटा या जातीवर, लस आहे आणि ती संकरित व विदेशी जनावरांना देतात. खुद्द गोचिडाविरुद्धही १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबात लशी निघाल्या. त्या गोचिडाच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर बेतलेल्या होत्या. त्यांनी गोचिडांची पुढची पिढी घटते, पण फवारणी पूर्ण सुटत नाही.

लम्पीबद्दलही विचारलं जातं. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या आणि डासांमुळे पसरतो. गोचिडांचा हातभार प्रयोगांत दिसला आहे, पण फक्त गोचिडं काढून लम्पी टळणार नाही.

१७. माणसाला काही धोका आहे का?

आहे. हायलोमा गोचिडांमुळे क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप माणसाला होऊ शकतो. जनावरात त्याचं लक्षण दिसत नाही, ते निरोगी वाटतं. गोचीड चावल्यानं, उघड्या हातानं चिरडल्यानं किंवा बाधित जनावराच्या रक्ताला हात लागल्यानं विषाणू शरीरात जातो. म्हणून हातमोजे, लांब बाह्या, आणि गोठ्यातून आल्यावर स्वतःचं अंगही तपासायचं: कमरपट्ट्याची जागा, गुडघ्यामागे, काखेत. गोचीड चावल्यावर किंवा चिरडल्यावर दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप, अंगदुखी किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर दवाखान्यात जा आणि 'मी गुरांमध्ये काम करतो, गोचीड चावलं होतं' हे वाक्य सगळ्यात आधी सांगा.